गाडी कुठे उभी आहे?

उत्तरेकडच्या एका खिंडीच्या पायथ्याशी आमची छोटी वर्कशॉप डिटॅचमेंट होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. हाताखाली चार जण, दोन तंबू, एक रिकव्हरी व्हॅन आणि एक रेडिओ सेट. वरच्या चौकीवर जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या गाड्या आमच्या गळ्यात. पहाटे साडेपाचला इंजिनं गरम करायची, सातला पहिला कॉन्व्हॉय सोडायचा आणि दुपारी दोनच्या आत शेवटची गाडी खाली आणायची, असा हुकूम होता. ऊन चढलं की बर्फ सैल व्हायचा आणि डोंगर दगड सोडायचा.

मी कुंभकोणमचा. आमच्या घरी मराठी बोलतात, पण ती तंजावरच्या राजांच्या वेळची, तमिळ मिसळलेली. फौजेत पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा महाराष्ट्रातले जवान पोट धरून हसले. आज मी ही जी मराठी लिहितो आहे ती मला नाईक शिवाजी माने याने शिकवली. तो साताऱ्याकडचा, अँब्युलन्सचा ड्रायव्हर. मला 'राजे' म्हणायचा.

"राजे, तुमची मराठी अजून घोड्यावर बसून येते," असं तो म्हणायचा. मी चिडायचो. मग तोच चहाचा मग पुढे करायचा आणि गावाकडून आलेलं वहिनींचं पत्र मला मोठ्यांदा वाचायला लावायचा. अक्षरं चुकली की डोक्यात टपली. मी त्याला सीनियर होतो, पण वाचताना त्याची टपली मुकाट खायचो.

तापलेल्या इंजिनाचं निदान हे माझं खास काम होतं. थंडीत रेडिएटरसमोर जाड गोधडी बांधायची पद्धत होती, म्हणजे इंजिन लवकर गरम व्हायचं. चढाला लागल्यावर ती काढायला ड्रायव्हर विसरायचे. त्यामुळे काटा वर गेल्याचा मेसेज आला की माझे चार प्रश्न तयार असत. गोधडी काढली का? वाफ येते का? पाणी गळतं का? इंजिन चालू आहे का? दहातल्या नऊ वेळा मी तंबूत बसून बरोबर सांगायचो. त्याचा मला गर्व होता. हे मी कबूल करतो.

त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. माने वरून एका जवानाला घेऊन खाली येत होता. जवानाच्या मांडीचं हाड मोडलं होतं. वाटेत खिंडीतला एक चढ लागतो. अकरा चाळीसला सेट बोलला.

"काटा लालला टेकलाय. ओव्हर."

"गोधडी?"

"काढली."

"वाफ? गळती?"

"दोन्ही नाही. इंजिन चालू आहे. ओव्हर."

"इंजिन बंद कर. खाली उतर, बॉनेट उघड, फॅन बेल्ट बघ. ओव्हर."

सेटवर जरा खरखर झाली. मग मानेचा आवाज आला.

"इथंच थांबू?"

"इथंच. लगेच. ओव्हर."

"रॉजर."

अकरा एकेचाळीसला त्याने इंजिन बंद केलं. को-ड्रायव्हर पेशंटजवळ थांबला. माने उतरला आणि बॉनेट उघडून वाकला. अकरा चव्वेचाळीसला वरून दगड आले. गाडीच्या मागच्या भागाला काहीच झालं नाही. पेशंट वाचला, को-ड्रायव्हर वाचला. माने जागीच गेला.

गाडी उभी होती तिथून शंभर पावलांवर बोर्ड होता: दगड कोसळण्याची जागा, थांबू नये. त्या पट्ट्यात कुणीच थांबत नसे. मानेही कधी थांबला नव्हता. त्या दिवशी थांबला, कारण मी सांगितलं.

गाडी खाली आणल्यावर मी स्वतः बघितली. बेल्ट सैल झाला होता, बाकी सगळं ठीक. ते इंजिन आणखी अर्धा मैल आरामात चाललं असतं. त्यासाठी एवढंच करायचं होतं: केबिनचा हीटर पूर्ण उघडायचा. हीटर म्हणजे इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालणारा एक लहान रेडिएटर. तो उघडला की इंजिनाची उष्णता केबिनमध्ये येते, माणूस शिजतो पण काटा खाली येतो. हे मी नव्या ड्रायव्हरांना फळ्यावर काढून शिकवायचो. मानेला मी ते सांगितलं नाही, कारण गाडी कुठे उभी आहे हे मी विचारलंच नाही. इंजिनाबद्दल सगळं विचारलं.

चौकशी झाली. मी प्रत्येक शब्द जसाच्या तसा सांगितला. अपघात, कुणाचाही दोष नाही, असा निकाल लागला. मला शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं. मानेच्या घरी मी चार ओळींचं पत्र पाठवलं, त्याने शिकवलेल्या मराठीत. त्या ओळींत रेडिओचा उल्लेख नव्हता. साताऱ्याला मी कधी गेलो नाही.

याला सतरा वर्षं झाली.

त्या अपघाताच्याच वर्षी निवृत्त होऊन मी कुंभकोणमला परतलो. लोकांना वाटलं, हा आता गॅरेज टाकणार. मी दारासुरम्‌ला विणकरांचे माग दुरुस्त करू लागलो. माग बिघडला तर धागा तुटतो, जास्तीत जास्त साडी वाया जाते. मला तेवढंच परवडत होतं. कुणी गाडी दाखवायला आणली की मी हात मागे बांधून उभा राहायचो.

आमच्या शेजारी रंगण्णा राहतात. पोस्टमास्तर होते, आता गोविंदपुरम्‌च्या भजनात टाळ धरतात. आमच्यासारखंच जुनं मराठी घर. त्यांच्याकडे उटीच्या एका माणसाकडून घेतलेली, माझ्या नोकरीइतकी जुनी मोटार आहे. या उन्हाळ्यात ती तापू लागली. एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून फेकला, दुसऱ्याने रेडिएटर साफ केला. दोघांनीही गाडी गॅरेजमध्ये तासभर चालू ठेवून बघितली. काटा हलला नाही. हमरस्त्याला लागली की पुन्हा तापायची.

"वेंकट, तूं तरी पाहा रे," रंगण्णा तीनदा म्हणाले.

"मी मागाचा माणूस, अण्णा," मी तीनदा म्हणालो. त्यांना खरं कारण माहीत नव्हतं. मला मात्र स्वतःची लाज वाटत होती.

मे महिन्यात त्यांच्या पत्नीचं, सीताक्कांचं, तंजावरला खुब्याचं ऑपरेशन झालं. डिस्चार्जच्या दिवशी रंगण्णा हट्टाने तीच मोटार घेऊन गेले. अनोळखी ड्रायव्हर खड्ड्यांतून कशीही नेईल, असं त्यांचं म्हणणं. सीताक्कांना मागच्या सीटवर उशा लावून आडवं केलं होतं. ऑपरेशनचा पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. मी एका मागाखाली पाठीवर पडलो होतो.

"वेंकट! कांटा लालाला लागला कीं! बंद करून टाकूं?"

माझ्या तोंडात वाफेचा प्रश्न तयार होता. तो मी गिळला.

"गाडी कोठें उभी आहे, अण्णा?"

"पुलावर. पापनाशम्‌च्या अलीकडे, तो अरुंद पूल. मागें लॉरी. अय्यो, बस आंगाला लागून जाते रे!"

"सीताक्काला उतरवतां येईल?"

"पाय टेकवायचा नाही. मी एकटा कसा उचलूं तिला?"

"वाफ येते? पाणी सांडतें?"

"नाही."

"इंजिन चालू?"

"चालू. किल्लीवर हात आहे माझा."

"हात काढा. बंद करूं नका. हीटर उघडा, पूर्ण. त्याचा पंखाही पूर्ण."

"हीटर? ह्या उन्हांत? तुला वेड लागलें कीं काय?"

"अण्णा, उघडा. सगळ्या काचा खाली करा. फोन सीटवर ठेवा, पण बंद करूं नका. दुसऱ्या गियरांत सावकाश पुढें चला. पूल संपला, सावली दिसली, कीं थांबा. तोंवर थांबूं नका."

फोनमधून हॉर्न, बसची घरघर, सीताक्कांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मी मागाखाली तसाच पडून होतो. विणकर काहीतरी विचारत होता, मी हाताने त्याला गप्प केलं. घड्याळात सव्वा अकरा.  

"कांटा?" मी ओरडलो.

"जरा उतरला," रंगण्णांचा आवाज लांबून आला. "पूल संपतो आहे."

आणखी दोन मिनिटं.

"चिंचेखाली आलों. चहाची टपरी आहे. अत्तां?"

"अत्तां बंद करा. रेडिएटरच्या झाकणाला हात लावूं नका. मी येतों."

दुचाकीने मला अर्धा तास लागला. सीताक्का मागच्या सीटवर घामाने निथळत होत्या, टपरीवाल्या बाई त्यांना वारा घालत होत्या. मला बघून सीताक्का म्हणाल्या, "ये रे बाबा. ह्या गाडींत बसून माझी इडली झाली."

सतरा वर्षांनी मी एका गाडीचं बॉनेट उचललं. आधी वर आणि मागे बघितलं. कुठेही थांबलं की तसं बघायची सवय त्या दिवसानंतरची.

इंजिन निवेपर्यंत रंगण्णांना प्रश्न विचारले. गावात तापते? नाही. उभी असताना? नाही. वेगात? हो. म्हणजे पंख्याचा दोष नाही. पंखा बिघडला तर गाडी गर्दीत तापते, मोकळ्या रस्त्यावर तिला वारा मिळतो. इथे उलट होतं. वेग वाढला की कुठेतरी पाणी अडत होतं.

झाकणावर ओलं फडकं टाकून ते सावकाश सैल केलं. पाणी बेताचं होतं. टपरीतून तांब्याभर घेऊन भरलं, इंजिन चालू केलं. मग रंगण्णांना ॲक्सिलरेटर दाबून धरायला सांगितलं आणि मी रेडिएटरच्या खालच्या रबरी पाइपवर नजर ठेवली.

इंजिनाचा आवाज चढला तसा तो पाइप आत ओढला जाऊन चपटा झाला. पाय काढताच पुन्हा फुगला. वेगात पंप जोराने पाणी ओढतो. पाइप आतून दबू नये म्हणून त्यात तारेची स्प्रिंग असते. ती गंजून विरली होती. उभ्या गाडीत हे कधीच दिसलं नसतं, आणि दोन्ही मेकॅनिकनी गाडी उभी ठेवूनच तपासली होती. मी त्यांना नावं ठेवत नाही. मी तर गाडी न बघताच सांगायचो.

दुचाकी टपरीवर ठेवून मोटार मी चालवली. वेग बेताचा, हीटर पूर्ण चालू, बाहेर मे महिना.  घरी चौघांनी मिळून सीताक्कांना खुर्चीसकट आत नेलं. दुसऱ्या दिवशी मी नवा पाइप आणि नवा थर्मोस्टॅट बसवला आणि तंजावरपर्यंत जाऊन आलो. काटा मधोमध राहिला.

त्या संध्याकाळी मी साताऱ्याला फोन लावला. मानेनेच एकदा माझ्या वहीत घरचा नंबर लिहून दिला होता, अजून तोच होता. वहिनींनी उचलला. मी नाव सांगितलं, रँक सांगितली. मग न थांबता सगळं सांगितलं. अकरा चाळीस, अकरा एकेचाळीस, त्याने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, आणि काल पुलावर सीताक्कांच्या गाडीचं काय झालं तेही.

त्या म्हणाल्या, "भावजी, हे मला माहीत आहे. को-ड्रायव्हर त्याच वर्षी येऊन सांगून गेला."

मी हातातली वही मिटली.

"मला तेव्हा तुमचा राग आला होता. खोटं कशाला बोलू? पण पुढे पुढे राग येईना, वाट बघायचे. यांच्या पत्रात पानभर तुम्हीच असायचात. वाटायचं, राजे एकदा तरी येतील. ते तिथे हसायचे कसे, ते सांगतील. ते सांगणारं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं."

मी रडलो. फोनवर, बायकोसमोर, चांगला हुंदके देऊन. वहिनी थांबल्या. मग त्यांनी विचारलं, "त्या पुलावरच्या बाई नीट पोचल्या ना घरी?"

"पोचल्या," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात मी साताऱ्याला जाणार आहे. रंगण्णा म्हणतात, मोटार घेऊन जा. नेणार आहे.

आता माझ्याकडे पुन्हा लोक गाड्या आणतात, फोनही करतात. मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो, गाडी कुठे उभी आहे. लोक याला माझी हुशारी समजतात. ती माझी नाही. त्या दिवशी सेटवर 'इथंच थांबू?' म्हणून हाच प्रश्न नाईक शिवाजी माने याने मला विचारला होता, आणि मी त्याला नीट उत्तर दिलं नव्हतं.