काकांच्या गाडीचं लेबल

शालिग्राम काकांच्या गाडीवरचं लेबल मी छापलं. ऑफिसच्या प्रिंटरवर, जाड कागदावर, लाल अक्षरांत. हे काकांशिवाय अजून कुणाला माहीत नाही, आणि कळेल तेव्हा काय होईल याचा विचार मी टाळते आहे.

काका गुढियारीत आमच्या समोरच्या घरात राहतात. मूळचे वर्ध्याकडचे, पण सगळी नोकरी इथेच, हिंदी मुलखात, रेल्वेचे मालडबे तपासण्यात गेली. हातात हातोडी, खिशात खडू. चाकावर टकटक करायचं आणि आवाजावरून सांगायचं, डबा फिट की सिक, म्हणजे नादुरुस्त. छत्तीस वर्षांत त्यांनी एकाही सिक डब्याला फिट म्हटलं नाही, साहेबांनी डोळे वटारले तरी नाही. निवृत्तीनंतर ते घरातल्या पंख्याला, शेगडीला आणि माझ्या स्कूटीलाही सिक ठरवू लागले. जित्याची खोड, दुसरं काय. मला ते फार आवडतात आणि त्यांचा तितकाच राग येतो.

त्यांची पांढरी गाडी यंदा पंधरा वर्षांची झाली. नोंदणी संपली, आणि ती वाढवायची तर गाडी तपासून घ्यावी लागते. विमा तर मागच्या दिवाळीतच संपला होता. इंदू काकूंचे गुडघे गेलेले, त्यांना दवाखान्यात न्यायला तीच एक गाडी.

“काका, आधी विमा काढा,” मी म्हटलं. “तपासणीला जायचं म्हणून सूट मिळत नाही. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. कुणाला लागलं तर त्या माणसाला कंपनीकडून काही मिळणार नाही. सगळं तुमच्या अंगावर येईल.”

“तू मले कायदा शिकवून राहिली का, पोट्टी?” काका हसले. “अन् गाडी नापास झाली तर? विम्याचे पैसे पाण्यात. डबा फिट झाल्याबिगर कोणी माल भरते का?”

“मग न्यायची कशी? टोचन करून न्या.”

“काहून? सिक डबा कारखान्यात काय डोक्यावर नेतेत? त्याले लेबल लावतेत. लेबल असलं का वाटेत कोणी अडवत नाही. तू फक्त लेबल छापून दे.”

रुळांवरचा नियम ते रस्त्याला लावत होते. मला ते स्वच्छ दिसत होतं. तरी मी छापून दिलं, कारण महिनाभर ते रोज दारात येऊन विचारायचे आणि मी कंटाळले होते. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

गुरुवारी सकाळी काकांनी चाकं ठोकून पाहिली, ब्रेक तीनदा दाबला आणि काचेवर लेबल चिकटवलं. ‘जांच के लिए’. इंदू काकू दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “तू सोबत जाय, देवयानी. माहा उजवा डोळा पहाटपासून लवून राहिला.” मी सुट्टी टाकली. डोळ्याबिळ्यावर माझा विश्वास नाही, पण त्या दिवशी मी काकूंकडे नीट बघू शकले नाही.

काका पंचविसाच्या वर गेले नाहीत. एका चौकात हवालदाराने हात दाखवला. त्याने लेबल वाचलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि जा म्हणून खूण केली. “पाह्यलं?” काका म्हणाले. त्याने तिथेच थांबवलं असतं तर बरं झालं असतं, असं आता रोज वाटतं.

बीरगांवच्या पुढे तपासणी केंद्र होतं. खिडकीतल्या माणसाने पहिला कागद विम्याचाच मागितला. काकांनी काचेवरच्या लेबलाकडे बोट केलं. त्याने वाकून ते वाचलं. मग शांतपणे म्हणाला, “चाचाजी, ये किसी काम का नहीं. पहले बीमा, फिर जांच. और गाड़ी यहाँ तक लाए कैसे?”

काकांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, “गाडी इथेच राहू द्या. मी फोनवरून विमा काढता येतो का बघते, नाही तर टोचनवाल्याला बोलावते.”

“आली तशी जाईन,” ते म्हणाले. चारचौघांसमोर त्यांची गाडी सिक ठरली होती, आणि तिला दोरीने ओढत नेणं त्यांना सोसणार नव्हतं. मी किल्ली हिसकावून घ्यायला हवी होती. मी मुकाट्याने शेजारी बसले.

दोन वाजले होते. कारखान्यांची पाळी सुटली होती आणि रस्ता सायकलींनी भरला होता. समोरच्या सायकलवाल्याने खड्डा चुकवायला हँडल वळवलं. काकांनी ब्रेक दाबला, तो लागलाही. तरी गाडी दोन हात पुढे जाऊन त्याला धडकली. त्याचा जेवणाचा डबा रस्त्यावर घरंगळत गेला आणि भात सांडला.

त्याचं नाव हरिदास. मांडीचं हाड मोडलं, कमरेलाही मार होता. दोन ऑपरेशनं करावी लागतील, आणि पुढे उभ्याने काम जमेल की नाही ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गाडी पोलीस ठाण्यात नेली, काचेवरच्या लेबलासकट.

संध्याकाळी दवाखान्यात त्याची बायको आली. कुणीतरी तिला वाटेत सांगितलं होतं की गाडीचा विमा असला की पैसे मिळतात. ती सरळ काकांसमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. “बीमा हवय न, बाबूजी?” विमा आहे ना, असं ती तिच्या बोलीत विचारत होती.

काका तिच्या पायांकडे बघत होते. ते खरं सांगतील, अशी माझी खात्री होती. छत्तीस वर्षांची खात्री होती.

“हव,” काका मान डोलावत म्हणाले.

तिने हात जोडले. मग जरा बाजूला जाऊन गावी भावाला फोन लावला. “चिंता झन कर,” काळजी करू नकोस म्हणून ती सांगत होती, “गाडी के बीमा हवय.” काका माझ्याकडे बघत होते, मी काही बोलते का म्हणून. मी बोलले नाही.