समजलं म्हटलेलं ऑफसाइड

माझे पती फुटबॉलच्या सामन्यांत लाइनमन असायचे. धानकापणी आटोपली की मुलचेऱ्याकडच्या गावांत सामने लागत. ते झेंडा पिशवीत टाकून चंद्रपूरहून मोटारसायकलने जात. तिकडे सगळे त्यांना भाऊ म्हणत. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मला ऑफसाइड समजावून सांगत. बशी म्हणजे गोल, बिस्किटं म्हणजे खेळाडू. माझ्या हातात पुस्तक असे. "समजलं?" ते विचारत. मी "हो" म्हणून पान उलटत असे. मग ते एकेक खेळाडू चहात बुडवून खात.

ते पावसाळ्यात गेले. हिवाळ्यात तिकडच्या मंडळींनी त्यांच्या आठवणीत एक सामना ठेवला आणि मला बोलावलं. धान कापलेल्या बांध्यांमधले मातीचे धुरे मोडून सपाट मैदान केलं होतं. झेंडा त्यांच्या जुन्या मित्राच्या हातात होता.

उत्तरार्धात गोल झाला, पण झेंडा वर होता. गोल करणारा तणतणत आला.

"दादा, झेंडा काऊन उचलला? मी तं मागूनच धावलो."

"तू आधीच पुढं जाऊन उभा होता."

"अबे, आता भाऊचं बोलणं ऐकशील," त्याचा एक सोबती म्हणाला, आणि दोघातिघांनी माझ्या पतीच्या सुरातच म्हटलं, "माही बायको पुस्तकातून डोकं न काढता ऑफसाइड सांगते, अन् तुमाले मैदानात राहून समजत नाई."

सगळे हसले. मग मी तिथेच बसले आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. गोल करणारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुमीच सांगा. होतं का ऑफसाइड?"

मी खाली पाहत म्हटलं, "झेंडा वर आहे, म्हणजे असेल."

"पाहा, बसल्या जागी सांगतलं," कोणीतरी म्हणालं. गोल करणारा परत खेळायला पळाला.

सामना संपल्यावर लोक चहाकडे वळले. मी झेंडा धरलेल्या त्या मित्राला म्हटलं, "मला ऑफसाइड कधीच कळलं नाही. मी त्यांना नुसतं हो म्हणायची."

 त्यांनी झेंडा माझ्या हातात देऊन मला कडेच्या रेषेवर उभं केलं. आपल्या चपला काढून मैदानात ठेवल्या.

"गोलकीपर सोडून समोरच्यांचा हा शेवटचा गडी. याच्या सरळ रेषेत राहा. माझा सोबती मागून मले चेंडू देऊन राह्यला. चेंडू त्याच्या पायातून सुटते तेव्हा मी या गड्याच्या पुढं आहो का, एवढंच पाहायचं. मले मिळते तेव्हाचं नाई पाहायचं."

ते चपलांच्या पुढे गेले, थांबले, मागे आले, पुन्हा गेले. रेषेवरून सगळं स्वच्छ दिसत होतं. एक कप चहा संपायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता.

"समजलं, वहिनी?"

'हो' ओठांवर आलं होतं.

"आणखी एकदा सांगता का?" मी म्हटलं.

ते धसकटांतून अनवाणी मागे गेले आणि पहिल्यापासून सांगू लागले.