संकेश्वरला पाठवलेलं दगडफूल

दगडफुलाचा वास खुलतो तो तव्यावर पडल्यावर. ओल्या सालीचा, मुरलेल्या पावसाचा वास. कणकुंबीला आईच्या परसातल्या आंब्यावर ते करड्या-हिरव्या झालरीसारखं वाढतं. उन्हाळी मसाल्यासाठी माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, संकेश्वरला दरवर्षी त्याची पुडी जायची. गेल्या दिवाळीत मात्र आईने वाऱ्याने मोडलेली अख्खी फांदीच पाठवली. लेकीच्या दारातच वाढू दे, म्हणाली.

आक्काचं घर महामार्गालगत आहे. फांदी न्हाणीच्या भिंतीला, सावलीत टेकवलेली होती. होळीला मी गेलो तेव्हा झालरीच्या कडा तपकिरी पडल्या होत्या, मधला भाग पांढरा. बोट लावलं तर भुगा झाला.

"माहेरचं हाय न्हवं, रुसलंय," दाजी हसले.

"पाणी तर रोज मारलंय की!" आक्का फणकारली.

आत तिची चार वर्षांची पूर्वा खोकत होती. तिचा दम्याचा पंप खेळण्यांच्या टोपलीत पडला होता.

दगडफुलाला मुळं नसतात; ते जगतं ते बहुतेक हवेतून मिळेल त्यावर. एका बातमीच्या निमित्ताने कधीतरी कळलेली ही गोष्ट तिथे आठवली, आणि हवा बिघडली की ते मरतं, हेही. रोजचं पाणीही कारण असू शकतं, असं स्वतःला बजावत मी त्याच दिवशी कणकुंबीला निघालो आणि वाटेवरच्या झाडांची खोडं पाहत गेलो. संकेश्वरच्या रस्त्यावर साल काळी, उघडी. बेळगावात, कॅम्पातल्या जुन्या झाडांवर, सालीला घट्ट चिकटलेले दगडफुलाच्या जातीचे पांढुरके ठिपके. जांबोटीनंतर त्यांच्या कडा सुटून पानांसारख्या उभ्या राहिलेल्या, आणि कणकुंबीला फांद्यांवरून हिरवट दाढ्या लोंबत होत्या. जंगल दाट होत गेलं तशी माझी भीती ओसरायला हवी होती. ती वाढत गेली, कारण मागे काय सोडून आलो ते अधिक स्पष्ट दिसत होतं.

आईला सगळं सांगितलं. म्हटलं, "पोरीला इकडंच आणूया. शाळेचं बघता येईल."

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "आणि आक्काला रं?"

वाटभर मी एका मुलीच्याच श्वासाची काळजी करत आलो होतो. त्याच घरात दहा वर्षं राहिलेली माझी बहीण हल्ली बोलता बोलता मध्येच का थांबते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

अंगणात जाऊन मी फोन लावला.

"बोल रं," आक्का म्हणाली. "तुला दम लागतो काय गं?" मी विचारलं. उत्तराआधी तिचा श्वास ऐकू आला, तुटक, घरघरणारा.