मांडीवरची डिस्क

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमला घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या तुरीवरून हात फिरवत होतो. भाची रडत बोलत होती, मी ऐकत होतो, आणि हात आपला फिरतच होता... खाली उतरलो तेव्हा बोटांना भुसा लागला होता आणि डोळ्यांपुढे, का कोण जाणे, बुद्धिबळाचा एक पट होता. सख्खी बहीण गेली आणि आठवावं काय, तर हे! पण ताईच्या बाबतीत माझं असंच होतं. आधी तिच्या वस्तू दिसतात, मग त्यांच्यामागून ती येते.

आम्ही मूळचे इंझोरीचे. सत्तरच्या दशकात ताई शिक्षिका झाली आणि पहिल्या पगारातून ट्रान्झिस्टर घेऊन आली. ओसरीत बाबांचा मोठा जुना रेडिओ होता, लावला की तापायलाच वेळ घेणारा. कारंज्याच्या दुकानदारानं जुना बदल्यात मागितला होता, ताईनं साफ नाही म्हटलं. नव्यासाठी तिनं समोरच्या भिंतीवर वेगळी फळी ठोकली. संध्याकाळी ती दोन्ही लावायची. आधी नव्यातून गाणं सुरू व्हायचं, मग जुना जागा होऊन हळूच त्याच गाण्यात शिरायचा... मी मधोमध सतरंजीवर पडून ऐकायचो. अजूनही दुपारच्या अर्धवट झोपेत ते गाणं दोन्ही भिंतींकडून येतं.

लग्न होऊन ताई कारंज्याला गेली. भाऊजी एसटीत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी संगणक घेतला आणि रोज दुपारी त्याच्याशीच बुद्धिबळ खेळू लागले. हरले की संगणकालाच शिव्या. एका दुपारी छातीत दुखू लागलं तेव्हा डाव जतन करून ते दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत.

पुढे संगणक फार रेंगाळू लागला. ताईला त्यावर मराठी टंकायला शिकायचं होतं. दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल. ताईनं मला बोलावून घेतलं. कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत माझी नोकरी झालेली, तेव्हा घरातला तज्ज्ञ मीच. म्हटलं, "ताई, पुसायचं कशाला? दुसरी डिस्क लावू, तिच्यात नवी सिस्टीम टाकू. भाऊजींची डिस्क आहे तशी राहील."

"अन् चुकून त्याइच्यावरच टाकलं त?"

खरं सांगायचं तर तशी चूक होऊ शकते. पडद्यावर दोन डिस्कांची नावं जवळजवळ सारखीच दिसतात आणि पुसलं ते पुसलं.

"मंग त्याइची काढूनच ठेव. माह्याजवळ दे."

मी तारा सोडवून जुनी डिस्क काढली. ताईनं ती मऊ फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि खुर्चीत बसून राहिली. बाहेर ऊन उतरत होतं, पडद्यावर पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मधूनच ती विचारायची, "काय करून राह्यला आता तो?" चहासुद्धा तिनं एका हातानं प्यायला. दुसरा हात फडक्यावर.

काम झालं. जुनी डिस्क जोडून संगणक सुरू केला, तर तो सरळ नव्या सिस्टीममध्येच शिरला. भाऊजींचं काहीच दिसेना. ताईचा चेहरा पडला.

"बाबू, कुठी गेले रे ते?"

"आहेत, आहेत. त्याला विचारावं लागते फक्त." संगणक पुन्हा सुरू करताना एक कळ दाबली, तशी दोन्ही डिस्कांची यादी आली. खालचं नाव निवडलं, आणि भाऊजींचा पडदा उघडला. त्यावर त्यांच्या एसटीचा फोटो, आत त्यांचा डाव. माझा जीव भांड्यात पडला.

"आता कोणाची चाल हाय?" ताईनं विचारलं.

"भाऊजींची. हा वजीर इथं ठेवला की जिंकलेच."

ती पटाकडे बराच वेळ बघत राहिली. "मंग राहू दे," म्हणाली.

त्यानंतर दिवसा ती नव्या बाजूला टंकत बसे, आणि दिवेलागणीला ती कळ दाबून जुन्या बाजूला जाई. पट उघडायचा, बघायचा, बंद करायचा. तिकडं कुणी हात लावायचा नाही, ही तिची सक्त ताकीद.

कारंज्याला ताईच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमानंतर पाहुणे पांगले. भाची म्हणाली, "मामा, कॉम्प्युटर तुमीच घेऊन जा." मी तो सुरू केला, कळ दाबली, डाव उघडला... पट मला पाठ होता, पण तो तसा नव्हता. वजीर जागचा हलला नव्हता. भाऊजींचं कडेचं एक पांढरं प्यादं तेवढं एक घर पुढं गेलं होतं. संगणकानंही त्यावर आपली चाल केली होती, राजा वाचवला होता, आणि खाली पुन्हा तीच ओळ होती: पांढऱ्याची चाल.

जिंकायची चाल ताईला ठाऊक होती. मीच तर दाखवली होती. मला तिथंच रडू आलं.

आता तो संगणक वाशीमला माझ्या टेबलावर आहे. दिवे लागले की मी पट उघडतो, थोडा वेळ बघतो. हात लावत नाही... चाल भाऊजींची आहे.