पैठणीचा पुकारा

हिंदमाताच्या साडीच्या दुकानात मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेले ते फेटेवाले काका गावाकडे घोड्यांचे लिलाव पुकारायचे. इथंही त्यांना गप्प बसवेना. मुलीला आवडलेली मोरपंखी पैठणी त्यांनी उंच धरून अख्ख्या दुकानाला दाखवली. "बघा, काय तेज! काय चाल!"

खरं सांगते, शेजारीच साड्या बघत बसलेल्या मलाही ती घ्यावीशी वाटली. पण पलीकडच्या बाईंनी ती हातातून घेतली आणि बिलसुद्धा करून टाकलं.

"झालं समाधान?" काकू कडाडल्या.

काका ओशाळून मला म्हणाले, "म्हणून तर घरच्या घोडीची मी बाजारात कधी तारीफ करत नाही."

मग मुलीकडे बघत हळूच पुटपुटले, "हिचंही कुणापुढं कधी कौतुक केलं नाही. तरी चाललीच की!"