शोभाताईंचा रिचार्ज कोणत्या रकान्यात?

आखाडा बाळापूरच्या बाजारात मी पॅम्प्लेट वाटत होते आणि पुरुष मंडळी ते हातात घेतल्याबरोबर खाली बघत होती. एकजण तर कांद्याच्या ढिगाकडे तोंड करून उभा राहिला, खात्री करून घेतली आणि परत वळला. म्हणाला, "बंदच हाय की ओ ताई!"

पॅम्प्लेटवर लाल ठळक अक्षरांत मथळा होता: ‘आजच चैन बंद करा!’ मथळा माझाच. लिहिताना तो मला फार जहाल वाटला होता. पँटच्या चेनलाही आपल्याकडे सगळे चैनच म्हणतात, हे मला बाजारात उभं राहिल्यावर आठवलं.

मी हिंगोलीच्या एका संस्थेत काम करते. घरखर्चाचं नियोजन शिकवणं, म्हणजे बजेट, हे आमचं काम. कागदावर तीन रकाने आखायचे: गरज, सोय, चैन. ज्याच्यावाचून चालतच नाही ती गरज. किराणा, दवाखाना, लाईटबिल. ज्यानं काम हलकं होतं ती सोय, जसा मिक्सर. उरलेली सगळी चैन. पैसे कमी पडले की आधी चैन कापायची. मोबाईलचा नेट पॅक चैनीत टाकायचा, हे ट्रेनिंगमध्येच ठरलेलं होतं. शिकवणारे सर ते सांगताना मधेमधे मोबाईल बघत होते.

कोणीतरी पॅम्प्लेटचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्याखाली हसूनहसून डोळ्यांतून पाणी काढणारे पिवळे चेहरे. फोटो पार वसमतपर्यंत गेला. मग आमचे प्रोजेक्ट ऑफिसर, पाईकराव सर, यांचा फोन आला.

"हे काय छापलंस तू?"

"प्रूफ तुम्हीच बघितलं होतं सर."

"मी शुद्धलेखन बघितलं. शुद्धलेखन बरोबर आहे."

"मग परत मागवू का?"

"मला माझ्या साडूनं पाठवलं. साडूनं! पण पोहोचलं बघ. आपलं एवढं काहीच कधी पोहोचलं नव्हतं."

"नेटवरून पोहोचलं सर. लोकांच्या चैनीतून."

सरांनी फोन ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एकदम खुशीत. कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात मारोतराव नावाच्या शेतकऱ्यानं आमचं पॅम्प्लेट वाचून खरोखर घरातला नेट पॅक बंद केला होता. आमच्या भाषेत याला वर्तनबदल म्हणतात. पॅम्प्लेट वाचून माणसानं काही केलं की झाला वर्तनबदल. सहसा कोणी काही करत नाही. म्हणून केलंच, तर त्या घराची केस स्टडी करायची, म्हणजे गोष्ट फोटोसकट लिहून देणगीदारांना पाठवायची.

"फोटोत सगळे हसू दे," सर म्हणाले.

घर सापडायला सोपं गेलं. दारावर पॅम्प्लेट चिकटवलेलं होतं. अंगणात हळद वाळत होती आणि मारोतरावांची बायको शोभाताई ती हातानं पसरत होती.

"तुमीच का त्या चैनवाल्या मॅडम?"

"हो."

"या. चपला बाहेर राहू द्या. शिव्या घरात बसवून देते."

घरात गेल्यावर कळलं ते असं. बंद झाला होता तो शोभाताईंचा पॅक. मारोतरावांचा धडधडीत चालू होता. पॅकची मुदत असते, तिला व्हॅलिडिटी म्हणतात. ती संपली की नेट जातं, आपल्याला कुणाला फोन लावता येत नाही, आणि काही दिवसांनी दुसऱ्याचाही येत नाही.

"तुमचा कागूद घरात आला आन् माझा फोन मुका झाला," शोभाताई म्हणाल्या.

माझं डोकं सणकलं. मारोतराव फोटोसाठी इस्त्रीचा शर्ट घालून तयारच होते.

"दादा, ताईंचा पॅक कशात धरला तुम्ही?"

"चैनीत. तुमच्याच कागदात लिवलंय."

"आणि तुमचा?"

"माझा गरजेत."

"काहून?"

"काहून म्हणजे? हळदीचा भाव बघावा लागतो न्हाई का?"

"बरं. आज काय भाव निघाला?"

"थांबा, बघून सांगतो."

त्यांनी मोबाईल खिशातून काढला. बोट नीट लागायच्या आत तो फुल आवाजात ओरडायला लागला: "हाण! हाण! सोडू नको!" शंकरपट चालू होता, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. मारोतराव आवाज कमी करायला गेले तर वाढला. ओट्यावर बसलेले शेजारचे दोघं उठून आत आले.

"कोण्ता पट हो मारोतराव?"

"लाल जोडी बघ, लाल जोडी! कशी येऊन राहिली!"

मी हळदीच्या भावाची वाट बघत उभी. बैल पोहोचले. भाव काही पोहोचला नाही.

मी शोभाताईंकडे वळले. त्यांचा पॅक वाचवायची माझी योजना तयार होती. बजेटमध्ये एखादा खर्च कात्रीतून वाचवायचा असेल तर तो बदलायचा नाही, त्याचा रकाना बदलायचा. आमच्या ऑफिसात चहा-बिस्किटांना ‘सभा खर्च’ म्हणतात, तसं.

"ताई, तुम्ही नेटवर शिवणकाम बघत असाल ना?"

"न्हाई."

"लेकरांचा अभ्यास?"

"लेकरं शाळेत जातेत."

"मग हवामान?"

"हवामान दारातून दिसतंय की."

"मग बघता तरी काय?"

"गालिचे धुतेत ते."

कुठल्यातरी परदेशात एक माणूस चिखलानं काळा पडलेला गालिचा पसरतो आणि धुतो. पाणी मारतो, फेस करतो, घासतो, काळं पाणी ढकलून देतो, परत फेस. बोलत काहीच नाही. शेवटी आतला रंग वर येतो. शोभाताई काम आटोपलं की हे बघायच्या.

"दिवसभर धुणंभांडी करून पुन्हा धुणंच बघता?"

"मी धुते तवा मी वाकलेली असते मॅडम. तो धुतो तवा मी बसलेली असते."

याच्यावर ट्रेनिंगमध्ये काही शिकवलं नव्हतं. तरी मी हळूच म्हणाले, "आपण ‘घरगुती स्वच्छतेचं शिक्षण’ असं लिहू. म्हणजे गरजेत बसेल."

"खोटं काहून लिवता? चैनच हाय ती माझी. चैन म्हणूनच पायजे."

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. मला वाटलं, आता संपलंच. सासू म्हणजे काटकसरीच्या बाजूनं, असं मी धरून चालले होते. म्हातारी सरळ लेकासमोर जाऊन उभी राहिली.

"मारोत्या, आधी हिचा रिचार्ज मार."

"आई, मॅडमच म्हणतेत की..."

"मॅडमला घाल चुलीत. गालिचा अर्धा राहिलाय. निस्ता एक कोपरा निघालाय. बाकीचा कसा हाय, ह्या इचारानं मला झोप न्हाई."

"तू बी बघती?"

"मंग? हिच्याजवळ बसून बघते. तुझ्या बैलांत काय हाय? पळतेत आन् थांबतेत."

मारोतरावांना हे फार लागलं. बैलांबद्दल असं आईनं बोलावं! मला तर आता माझ्याच पॅम्प्लेटचा राग आला होता. मी दारावरचं पॅम्प्लेट टरकन काढलं.

"दादा, शंकरपट खुशाल बघा. पण तीही चैन आणि हीही चैन. रकाना एकच. कापायचं तर दोन्ही कापा, ठेवायचं तर दोन्ही ठेवा."

"आन् दोन्ही कापले तं?"

"मग लाल जोडीचं पुढं काय झालं ते शेजारी जाऊन विचारा."

"आमच्याकडं येऊ नका," शेजारचा एकजण घाईनं म्हणाला. "ह्यो कागूद आमच्या घरी बी आलेला हाय. बायकोनं अजून वाचला न्हाई."

मारोतरावांनी स्वतःच्या मोबाईलवरून रिचार्ज करायला घेतला. बोट सगळ्यात छोट्या पॅककडे चाललं होतं. आई बाजूलाच उभी होती. बोट वर सरकलं आणि त्यांनी स्वतःचा होता तेवढाच, बरोबरीचा पॅक मारला.

गालिचा हिरवा निघाला. सासूबाई म्हणाल्या, मळका होता तवाच बरा दिसत होता.

मी फोटो काढला तेव्हा सासू-सून मोबाईलला चिकटून बसलेल्या, आणि मारोतराव मागून डोकावून विचारत होते, "पण एवढा घाण झालाच कसा म्हणतो मी?" हसत कोणीच नव्हतं.

ऑफिसात सर फोटो उलटसुलट करून बघत राहिले.

"हा वर्तनबदल? इथं तर चैन वाढली."

"वाढली नाही सर. वाटली गेली."

"देणगीदारांना काय लिहू?"

"झालं ते लिहा."

सरांनी लिहिलं: ‘ग्रामीण कुटुंबातील डिजिटल समानता’. देणगीदार खूश झाले.

पॅम्प्लेट मात्र मी भांडून नव्यानं छापून घेतलं. आता चैनीच्या रकान्यात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाची एक चौकट आहे, सगळ्या सारख्या. आपल्या चौकटीत बसेल त्याची चैन करावी, कारण विचारू नये. प्रूफ सरांनी या वेळी मोठ्यानं वाचलं, शिपायाला ऐकवून.

घरांची बजेटं मी अजूनही तपासते. पण आकडे नंतर बघते. रकाने कोणी भरले, ते आधी विचारते. ज्यानं भरले असतील, त्याचा खर्च हमखास गरजेत सापडतो.