थेंब आधी ताईच्या डोळ्यात

"बाबा! हे ब-घा! हा का-य आहे? हा चम-चा! चमच्यात का-य आहे? औ-ष-ध!"

माझी थोरली बहीण, आमची ताई, वडिलांच्या कानापासून वीतभर अंतरावर उभी राहून ओरडत होती. भाईंदरला जेसल पार्कातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर ती ओरडत होती आणि खाडीपलीकडे नायगावात लोक आपापले चमचे शोधायला उठले होते.

बाबांना मोतीबिंदू झाला होता. डोळ्यांत. कानांत नव्हे. कान तर असे होते की भिंतीवरच्या पालीने नुसता विचार बदलला तरी त्यांना कळायचं. पण माणसाला दिसेनासं झालं की लोक त्याच्याशी जोरात का बोलायला लागतात, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

ताईची गोष्ट तर आणखीच वेगळी. तिने उभं आयुष्य मीरा रोडला बालवाडी चालवली आणि त्या बालवाडीची सुट्टी तिच्या तोंडाला कधी झालीच नाही. ती रिक्षात बसली की रिक्षावाल्याला सांगायची, "आता आपण डावीकडे वळायचं हं." तो बिचारा आधीच डावीकडे वळलेला असायचा. भाजीवाल्याने नीट माप घातलं की "शाब्बास!" माझ्या लग्नात तिने भटजींना ओठांवर बोट ठेवून गप्प बसवलं होतं आणि मंगलाष्टकं त्यामुळे अर्ध्यावर थांबली होती. यातलं थोडंसं मी वाढवून सांगतोय, पण थोडंसंच.

बाबांनी कारखान्यात लेथ चालवला, तिथे साहेबसुद्धा त्यांना 'मास्तर' म्हणायचे. त्या माणसाने ताटातला भात संपवला की ताई टाळ्या वाजवायची. "बघा, कोणी संपवला सगळा भा-त?" बाबा न दिसणाऱ्या डोळ्यांनी समोर बघत बसायचे. मी मात्र आतल्या आत पापडासारखा भाजून निघायचो.

एक डोळा गेल्यातच जमा होता. दुसऱ्यावर दुधावर धरते तशी साय धरत चालली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, जितका उशीर कराल तितकं ते अवघड होईल. आणि बाबा म्हणाले, "नको."

बस्स. नको. का नको, कधीपर्यंत नको, काही नाही. गणपतीच्या आरतीला उभं राहिल्यासारखे ताठ बसायचे आणि 'नको' म्हणायचे.

मग आमच्या घरात समजूत घालणाऱ्यांची रांग लागली. रेशनच्या दुकानासमोरही एवढी रांग मी पाहिली नव्हती. समोरच्या दारातल्या भाभी गुजराती, पण बाबांशी हिंदीत बोलायच्या. त्या आल्या आणि बाबांचा गालच धरला. "अंकल, डरने का नहीं! इतना बडा अंकल हो के डरता है? चींटी काटे इतना भी नहीं होता!" रत्नागिरीहून काकांचा फोन आला, "काय रे घाबरतोस? मुंगी चावल्यासारखं असतं." खालच्या मजल्यावरचे जोशी, नव्हे, त्यांचं नाव कशाला, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले, तेही म्हणाले मुंगी. ताईची मुंगी तर रोजचीच. त्या आठवड्यात आमच्या घरात इतक्या मुंग्या आल्या की साखरेचा डबा कुठे ठेवावा असा प्रश्न पडला.

आणि प्रत्येक मुंगीगणिक बाबांचा चेहरा आणखी बंद व्हायचा. हे मला दिसत होतं. कोणालाही दिसलं असतं, बघितलं असतं तर.

"ताई, अगं त्यांना विचार तरी, कशाची भीती वाटतेय."

"तू मध्ये बोलू नकोस हं. भीती काय वाटायची? लहान मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं सारखंच असतं. विचारत बसलं की भीती वाढते. करून दाखवायचं."

"काय करून दाखवायचं?"

ताईचे डोळे चमकले. तिचे डोळे चमकले की आमच्या घरात काहीतरी फुटतं.

बालवाडीत डोस पाजायला नर्स यायची तेव्हा ताईची एक पद्धत होती. आधी बाहुलीला डोस, मग बाईंना डोस, मग मुलांना. बाई स्वतः आ करून थेंब घ्यायच्या, "मस्त!" म्हणायच्या आणि मुलं आपोआप रांगेत उभी राहायची. तीच पद्धत तिने आता वडिलांवर वापरायची ठरवली. आधी ताईचे डोळे तपासायचे, मग बाबांचे. "बाबा, ताई आधी थेंब घालून घेणार! तुम्ही बघायचं हं!"

ज्या माणसाला दिसत नाही त्याला ती बघायला सांगत होती. मी भिंतीला डोकं टेकवून उभा राहिलो.

मीरा रोडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. ताई खुर्चीत बसली, मान मागे केली आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "बघा बाबा, ताई अजिबात रडत नाहीये!" डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणारे ते थेंब पडले. ते झोंबतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने जी किंकाळी फोडली ती ऐकून रांगेतल्या दोन पेशंटनी आपले नंबर सोडून दिले.

बाबा बाकावर बसून होते. त्यांना विचारलं, तुम्ही घालून घेता का? "नको."

थोड्या वेळाने ताईला धड काही दिसेना. समोर सगळी पांढरी भाकरी. डॉक्टर म्हणाले, काही तास असंच राहील, घाबरू नका. पण घाबरायला तिला वेळच मिळाला नाही. कारण आता सगळे तिच्याशी बोलायला लागले.

तिथे नंबर लावणारी मुलगी आली. तिने ताईचं मनगट धरलं आणि ओरडली, "मावशी! इकडे ब-सा! हां, अस्सं. हलायचं नाही हां. समजलं? गुड!" आणि खांद्यावर थोपटलं.

ताई म्हणाली, "मला ऐकू येतं."

"हो, हो, येतं हां!" मुलगी आणखी मोठ्याने म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "दादा, मावशींना बाथरूमला न्यायचंय का?"

माझ्याकडे वळली! ताई समोर बसलेली असताना! ताईच्या नाकपुड्या मला अशा फुगलेल्या दिसल्या की तेवढ्याने दवाखान्याचा पंखा उलटा फिरेल.

बाहेर रिक्षावाल्याने तिला दोन्ही दंडांना धरून आत ठेवलं, अक्षरशः गॅसचं सिलिंडर ठेवल्यासारखं. "बैठो माताजी, आराम से, अच्छे से बैठो." ती माताजी आयुष्यभर रिक्षावाल्यांना डावं-उजवं शिकवत आली होती. जिन्यात भाभी भेटल्या. "अरे बेन को क्या हुआ? सुनो बेन! पाँव उ-ठा-ओ! एक! दो! शाब्बाश!"

शाब्बाश ऐकल्यावर ताई थांबली. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती एकही शब्द बोलली नाही. माझ्या आयुष्यातली ती पहिलीच शांत चढण.

घरात आल्यावर ती बाबांच्या शेजारी खाटेवर बसली. दोघांनाही दिसत नव्हतं. दोघं समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले. माझी बायको चहा घेऊन आली आणि तोंड उघडणार, तोच मी तिला हातानेच थांबवलं. ती चहा ठेवून गेली.

ताईने तोंड उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. तिच्या जिभेवर 'हं' येऊन उभा राहिलेला मला दारातून दिसत होता. तो तिने गिळला. मग ती तिच्या साध्या आवाजात म्हणाली. तो आवाज मी इतक्या वर्षांनी ऐकत होतो की आधी ओळखलाच नाही.

"बाबा, तुम्हाला ऑपरेशन का नको वाटतंय?"

आणि ती थांबली. तुम्हाला वाटेल, यात काय मोठं? तुम्ही ताईला ओळखत नाही. प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबणं हे तिच्यासाठी श्वास कोंडून खाडी पोहून जाण्यासारखं होतं. बालवाडीत बाईच प्रश्न विचारतात आणि बाईच उत्तर देतात. तिचे पाय हलायला लागले, बोटं पदर पिळायला लागली. चहावर साय आली. मला वाटलं, आता ही फुटणार.

"माझ्या बापाचं पण केलं होतं," बाबा म्हणाले.

आम्हाला माहीतच नव्हतं.

"तालुक्याला शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं. मी मुंबईहून रजेवर गेलेलो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवलंन त्यांना. हलायचं नाय, सांगितलंन. मी डोकं धरून बसलो. सगळे त्यांना म्हणत होते, मुंगी चावल्यासारखं असतं. रात्री त्यांना खोकला आला. मला काय डोकं धरता आलं नाय. डोळा गेला. गावात सगळे म्हणाले, म्हातारा हलला."

मग ते हळूच म्हणाले, "मला पण खोकला आहे ना गो, बाय."

एवढीच गोष्ट होती. एक खोकला. आणि आमच्याकडे आख्ख्या मीरा-भाईंदरच्या मुंग्या गोळा झाल्या होत्या.

ताई म्हणणार होती, "आता तसं नसतं हं!" मी पैज लावायला तयार आहे. शब्द ओठांपर्यंत आला होता. पण ती म्हणाली, "मला नाही माहीत, आता कसं असतं. डॉक्टरांना विचारू. तुम्हीच विचारा."

आणि बाबांनीच विचारलं. पुढच्या खेपेला दवाखान्यात ताई बाहेरच्या बाकावर बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. आत बाबा म्हणाले, "ऑपरेशन चालू असताना खोकला आला तर काय करायचं?" डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. ते म्हणाले, "चांगलं झालं सांगितलंत. येणार असं वाटलं की आधी मला सांगा, मी थांबतो. खोकून घ्या, मग पुढे करू. आधी खोकल्याचं औषध पण देतो. आणि वाळूच्या पिशव्या आता नसतात, त्याच दिवशी घरी जायचं." बाबांनी आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या आणि म्हणाले, "करा."

ऑपरेशन झालं. मध्ये एकदा त्यांनी थांबवलं, खोकले, मग पुढचं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. बाबांनी खिडकीतून बराच वेळ बाहेर बघितलं, समोरच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडे एकेक करून बघितले. मग आमच्याकडे वळून ताईकडे बघितलं.

ताईला रडू आवरत नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, आजोबांचं हे सगळं एवढे दिवस आम्हाला सांगितलं का नाहीत?"

बाबा म्हणाले, "तू बोलत होतीस."